पहिल्या दोन तासांबद्दल

प्रिय सच्या,

पहिले दोन तास कसे खेळू, हा तुझा मेसेज वाचला, पण व्हॉट्सॲपवर याचं उत्तर देणं म्हणजे अंगठा मोडून घेणं, म्हणून नीट बसून लिहितोय. तर तू फायनली गोव्याला पोकरची टूर्नामेंट खेळायला येतोयस, भारी! ऑगस्ट २०२५ मध्ये तो ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून फोनवर पोकर खेळणं बंदच झालं, तेव्हापासून तुझ्यासारखे बरेच जण मांडवीतल्या कसिनोच्या बोटींकडे वळलेत. आणि त्यांच्यातले निम्मे पहिल्या दोन तासांतच बाहेर येऊन बुफेच्या लायनीत उभे असतात, प्लेट घेऊन, चेहरा पाडून. तू त्यांच्यात नको म्हणून हा खटाटोप.

आधी साधा हिशोब बघ. समज तुला २५,००० चिप्स मिळाल्या आणि ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना आळीपाळीने भराव्या लागणाऱ्या चिप्स, १००/२०० आहेत, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या हिशोबाने तुझ्याकडे १२५ बिग ब्लाइंड झाले. आजकाल बहुतेक ठिकाणी अँटी, म्हणजे दर हाताला प्रत्येकाने टाकायची वर्गणी, बिग ब्लाइंडवालाच सगळ्यांची भरतो, तेव्हा नऊ जणांच्या टेबलावर एक पूर्ण फेरी तुला १०० आणि २०० चे ब्लाइंड आणि २०० अँटी, अशी ५०० ला पडते. काहीही न खेळता नुसता बसून राहिलास तरी या लेव्हलला, म्हणजे ब्लाइंड एवढेच असेपर्यंत, पन्नास फेऱ्या निघतील! मग घाई कसली आहे रे लोकांना? लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला तर ६०,००० चिप्स देतात आणि लेव्हल दोन-दोन तासांची, म्हणजे सुरुवातीला ३०० बिग ब्लाइंड, तरी तिथेही पहिल्याच दिवशी शेकडो लोक उडतात. दहा हजार डॉलर भरून!

कारण एकच, एका जोडीवर अख्खा स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, टाकतात. आपण दिवाळीत तीन पत्ती खेळून मोठे झालो ना, तिथे राजाची जोडी आली की माणूस चाल वाढवतच जातो आणि बऱ्याचदा जिंकतो पण, कारण सगळ्यांकडे तीनच पत्ते. इथे हातातले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सात पत्त्यांतून पाच निवडायचे आहेत, जोडी कुणालाही लागते. एक जोडी हा छोटा पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, जिंकायचा माल आहे, मोठा नाही. बाकी सगळं विसरलास तरी एवढं ध्यानात ठेव.

एक हात सांगतो म्हणजे कळेल. मागच्या वेळी माझ्या टेबलावर बेळगावचे एक काका होते, हातात सोन्याचं कडं, गप्प माणूस, दर दुसऱ्या हाताला नुसते २०० टाकून फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते, बघायचे आणि सोडून द्यायचे. मला एक्का-राणी आली, काकांनी नेहमीसारखे २०० टाकले होते, मी ७०० केले, बिग ब्लाइंडवाला पोरगा तेवढे टाकून आला, काका पण आले. फ्लॉपला राणी, नव्वी, चौकी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची, म्हणजे वरची जोडी माझी आणि सोबतीला एक्का, याहून छान काय पाहिजे. दोघांनी काही न लावता चेक केलं, मी ९०० लावले, पोरगा गेला, काकांनी शांतपणे ९०० पुढे सरकवले. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, छक्की, कुणाच्या कामाची नाही. काकांनी पुन्हा चेक केलं, मी १,८०० लावले. आणि काकांनी, ज्यांनी तोपर्यंत एकदाही रेज करून रक्कम वाढवली नव्हती, कड्याचा हात उचलून ५,५०० केले. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, पाण्याची बाटली उघडत होते. मी पत्ते टाकले. २१,६०० उरले, म्हणजे अजून १०८ बिग ब्लाइंड, काहीच बिघडलं नाही. काकांनी पत्ते दाखवले नाहीत आणि मी विचारले पण नाहीत. असा गप्प माणूस टर्नला रेज करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या नाहीतर तीन सारखे असतातच, फार क्वचित नसतात, आणि त्या क्वचितसाठी १०८ ब्लाइंड लावायचे नसतात. पुढच्या तासाभरात ठाण्याचा एक जॅकेटवाला असाच राजाची जोडी घेऊन काकांना शेवटपर्यंत पैसे देत गेला. काकांकडे तीन सत्त्या. तो उठून सरळ काउंटरवर गेला, दुसरी बुलेट, म्हणजे पुन्हा पैसे भरून नवी एन्ट्री, घेऊन आला.

ही री-एन्ट्री हाच मोठा घोळ आहे बघ. परत घुसता येतं म्हटल्यावर लोक पहिल्या लेव्हलला जुगारासारखं खेळतात, आणि तुझे चिप्स यायचे ते इथूनच. तू फक्त आत जाताना ठरव, दुसऱ्या एन्ट्रीचे पैसे खिशात आहेत की नाहीत, आणि नसतील तर काउंटरकडे बघायचं पण नाही.

मग खेळायचं काय? छोट्या जोड्या, अगदी दुर्रीची सुद्धा, स्वस्तात मिळाल्या तर खेळ. फ्लॉपला तीन व्हायचा चान्स साधारण साडेआठात एक, म्हणजे बहुतेक वेळा नाहीच होणार आणि मग निमूट सोडायचं, पण झाले की समोरच्या एका जोडीवाल्याचा पूर्ण स्टॅक येतो. समोरच्याकडे रेजच्या वीसेक पट तरी चिप्स पाहिजेत मात्र, नाहीतर परवडत नाही. एका रंगाचे लागोपाठचे पत्ते बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायच्या जागी, असशील तर ठीक. एक्का-सत्ती वेगळ्या रंगांची वगैरे? टाक. एक्का दिसला की जीव अडकतो आपला, माहितीये, तरी टाक.

मोठी जोडी आली तर उलट लाजू नकोस. चार जण २०० टाकून बसलेत आणि तुला एक्क्याची जोडी आली तर ५०० करून काही होत नाही, सगळे येतात. कुठलेही पत्ते धरलेल्या एका माणसासमोर ती जोडी ८५ टक्के जिंकते, चौघांसमोर जेमतेम ५६. तेव्हा सरळ १,५००-१,८०० कर, एखादा राहिला तरी पुष्कळ.

आणि कंटाळ्याची तयारी ठेव. तू फोनवर चार टेबलं एकदम खेळायचास, इथे डीलर पत्ते पिसतो, वाटतो, कुणीतरी विचार करत बसतो, तासाला पंचवीस-तीस हात झाले तर झाले. पहिल्या दोन तासांत जोडी तीनेक वेळा येईल, एक्क्याची जोडी तर २२१ हातांत एकदा, बहुधा येणारच नाही. या कंटाळ्यातच लोक गुलाम-अठ्ठी घेऊन रेज करायला लागतात. त्यापेक्षा लोक बघ. कोण दारू पितोय, कोण हरल्यावर डीलरवर चिडतोय, कोण चिप्सकडे वारंवार बघतोय, हे सगळं पुढे ब्लाइंड ५००/१,००० झाले आणि तुझे पंचवीस ब्लाइंड उरले की कामी येतं.

हां, हातात पत्ते धरून खेळण्याच्या दोन गोष्टी फोनवाल्यांना माहीत नसतात. रेज करायचं तर आधी तोंडाने बोल. न बोलता एकच मोठी चिप टाकलीस तर तो नुसता कॉल, म्हणजे बरोबरी केली असं धरतात, मग कितीही वाद घाल. आणि चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवायच्या नाहीत, पहिल्या झटक्यात गेल्या तेवढ्याच मोजतात.

बरेच शहाणे लेट रजिस्ट्रेशन करून तीन-चार लेव्हल झाल्यावर येतात. त्यांचं जमतं, ते चाळीस ब्लाइंडवर झोपेत खेळतात. तू वेळेवर ये, कारण ढिले खेळणारे आणि मोठे स्टॅक दोन्ही एकत्र फक्त सुरुवातीलाच मिळतात. कोकणकन्येचं तिकीट थिवीपर्यंत काढ, ठाण्याला थांबते ती. एंट्रीला ओळखपत्र लागतं, विसरू नकोस. आणि जिंकलास तर ३० टक्के टॅक्स कापून पैसा हातात येतो, वहिनीला आकडा तो कापून सांग.

तुझा,
मन्या