फोटो वरच्या थराचा, भरवसा खालच्या थरांवर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातल्या कोळसा खाणींच्या नव्या कामांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. कुठे कोळसा साठवायचा सायलो, कुठे तो वाहून नेणारा कन्व्हेयर, कुठे रेल्वे सायडिंग, कुठे पूरसंरक्षक बांध. कामावर डिजिटल देखरेख आहे आणि प्रगती डॅशबोर्डवर दिसते, हे वाक्य त्यात हल्ली ठरलेलं असतं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. अशा कामांवर कंत्राटदारांच्या साइट लॅबमध्ये माती-काँक्रीट तपासण्याचं काम करते. तो डॅशबोर्ड मी रोज पाहते, म्हणून चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

किती घनमीटर माती पडली, किती काँक्रीट ओतलं, किती टक्के काम उरकलं, हे त्यावर चोख दिसतं. का नाही दिसणार? त्यावरच आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, निघतं. माती वाहणाऱ्या हायवा डंपरची एक खेप कमी लागली की सुपरवायझर रात्री अकराला फोन करतो. माती किती घट्ट दाबली गेली हे पाहणारी कोअर कटरची चाचणी राहिली म्हणून मला असा फोन अजून कोणी केलेला नाही.

बांधाचंच घ्या. आपल्याकडे वर्धा, पैनगंगा, इरईच्या काठाकाठानं खुल्या खाणी आहेत. पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून बांध घालतात. ही माती एकदम ओतून चालत नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, घनता तपासायची, मगच पुढचा थर. थर नापास झाला तर उकरायचा आणि पुन्हा दाबायचा. त्यात आपली काळी माती पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, त्यामुळे कुठली माती कुठे घातली यालाही महत्त्व. हे सगळं चालतं मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, पाऊस तोंडावर आलेला असताना. "मॅडम, फोटो झाला न जी, आता टाकू द्या माती," असं म्हणणाऱ्या फोरमनवर मी चिडते, पण त्याच्यावर वरून काय दाब असतो तेही मला ठाऊक आहे.

थराचा तो फोटो देखरेखीच्या ॲपवर चढतो. त्यावर अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात, आणि नागपुरात बसलेल्या साहेबांना वाटतं की आता फसवाफसवीला जागाच राहिली नाही. पण एकावर एक घातलेल्या दहा थरांचे अक्षांश-रेखांश एकच असतात! तिसऱ्या थराचा फोटो नववा म्हणून चढवला तर ॲपला कळणार कसं? मोबाइलचा जीपीएस आडवा काही मीटर चुकतो, उंचीत तर त्याहून जास्त. थर कितवा हे टोटल स्टेशन या मोजणी यंत्रावर घेतलेली लेव्हल, म्हणजे नेमकी उंची, सांगते, आणि ती सर्व्हेअरच्या लॅपटॉपमध्ये वेगळ्याच फाइलीत पडून असते. चाचणी, फोटो आणि लेव्हल एकमेकांना जोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. मी केलेल्या कामांवर ती कोणी वापरली नाही, कारण टेंडरमध्ये तसं मागितलेलंच नव्हतं. शिवाय खाणीच्या खड्ड्यात रेंज नसते. दिवसभराचे फोटो संध्याकाळी कॅम्पच्या वायफायवर चढतात, आणि सर्व्हरवर सगळ्या थरांची वेळ साडेसहा ते सात अशी पडते. निदान फोटो काढल्याची वेळ आणि चढवल्याची वेळ दोन वेगळ्या रकान्यांत दाखवा, एवढी साधी मागणीसुद्धा मान्य व्हायला किती बैठका लागतात म्हणून सांगू.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात माउंट पॉली नावाची तांब्या-सोन्याची खाण आहे. ४ ऑगस्ट २०१४ रोजी खनिज काढून उरलेला गाळ अडवणारा तिचा बांध फुटला आणि गाळ-पाणी जवळच्या तलावांत गेलं. प्रांत सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये अहवाल दिला. बांधाच्या पायाखाली चिकणमातीचा कमकुवत थर होता, तो नीट ओळखला गेला नव्हता. आणि मूळ आराखड्यात बाहेरचा उतार २ आडवा, १ उभा असा होता. प्रत्यक्षात तो १.३ ला १ इतका चढा ठेवून बांधकाम पुढे गेलं होतं. उतार ठरल्याप्रमाणे असता तर बांध टिकला असता, असं समितीने म्हटलं आहे. 'आत्ता असंच राहू द्या, भराव पुढच्या टप्प्यात करू' ही आपल्याही साइटवरची रोजची भाषा आहे. डिजिटल व्यवस्थेचं खरं काम इथे आहे: आराखड्यापासून फारकत झाली त्या दिवशी ती नोंदली जावी, कोणी मान्य केली त्याचं नाव यावं, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पडद्यावर लाल दिसत राहावी. ब्राझीलमध्ये जानेवारी २०१९ मध्ये ब्रुमाजिन्योचा बांध फुटून २७० माणसं गेली, तेव्हा कुठे जग हललं. २०२० मध्ये गाळाच्या बांधांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं. बांधात मोठा बदल झाला की प्रत्यक्ष बांधकामाचा तपशीलवार अहवाल हवा, असं त्यात आहे.

आता ॲपचं खातं कोणाच्या नावावर असतं, ते पाहा. बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या. एका कामावर पावसाळ्यानंतर गटाराची भिंत कलली आणि पायाखालच्या भरावाच्या चाचण्या शोधायची वेळ आली. काम केव्हाच संपलं होतं, कंत्राटदाराने सॉफ्टवेअरची वर्गणी बंद केली होती. खाणीकडे उरल्या होत्या पीडीएफ, त्याही फक्त बिलाला जोडलेल्या. शेवटी कामी आलं ते लॅबमधल्या कपाटातलं, सिमेंटच्या धुळीनं माखलेलं हाताने लिहिलेलं रजिस्टर.

इथे मला घुग्घुस आठवतं. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. त्या भागाखाली जुनी भूमिगत खाण आहे. जमिनीखाली काय आहे याची नोंद पन्नास वर्षांनीही कुणाच्या तरी जिवाशी येऊन भिडते. आणि आपण आजच्या नोंदी वर्षाच्या वर्गणीवर ठेवतो.

हे आपल्याला झेपणारं नाही असंही नाही. नागपूर मेट्रोने सुरुवातीपासून ५-डी बीआयएम वापरलं, म्हणजे त्रिमितीय आराखड्याला वेळापत्रक आणि खर्च जोडून काम चालवलं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ पासून कामांचं दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण सक्तीचं केलं. त्याच वर्षी कोळसा सोडून इतर प्रमुख खनिजांच्या मोठ्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोन सर्वेक्षण देणं बंधनकारक झालं. ते पाहणारा भारतीय खाण ब्यूरो नागपुरातच आहे. ड्रोनला मी नावं ठेवत नाही. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्याचा उतार आणि आकारमान मोजायला त्याच्यासारखं साधन नाही. फक्त तो वरून बघतो. मातीखाली गेलेल्याची नोंद माती पडण्याआधीच घ्यावी लागते, आणि ती घेणारा माणूस जागेवर असावा लागतो. साइट लॅबमध्ये दोन टेक्निशियन मंजूर असतात. त्यातला एक बऱ्याचदा स्टोअरची चलनं लिहीत बसलेला सापडतो.

म्हणून खाण कंपन्यांनी पुढच्या टेंडरमध्ये एवढं घालावं. नोंदींची मालकी पहिल्या दिवसापासून खाणीची, आणि त्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा स्वरूपात. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक थराला लेव्हल जोडलेली असल्याशिवाय त्याचं माप बिलात धरायचं नाही. ही एक अट घातली तरी फोरमन स्वतः मला शोधत येईल. आणि पूरसंरक्षक बांधाच्या बाबतीत, दर पन्नास मीटरवरची माथ्याची पातळी पावसाळ्याआधी काठावरच्या गावांच्या ग्रामपंचायतींना द्यावी. पाणी बांधावरून गेलं तर ते नुसतं खाणीतच जाईल असं नाही, त्या गावांतही जाईल.

कळावे,
आपली,
एक सिव्हिल इंजिनिअर, जि. चंद्रपूर
(अजून याच क्षेत्रात नोकरी करत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)