पेन्सिल तिच्या हातात दिलीत, त्याबद्दल

आदरणीय गुरुजी,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर तुमच्या पत्त्यावर टाकायचं होतं. पण निघताना तुम्ही म्हणालात, "आभाराचं राहू द्या. ज्यांच्या घरी पोरं शिकतायत त्यांना सांगा, म्हणजे झालं." म्हणून उघडं लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. जुन्नरच्या बाजूचे, झेडपीतून निवृत्त झालेले एक गुरुजी, एवढी ओळख पुरे.

तुमच्या ओट्यावर टेकलो तेव्हा माझ्या हातात ११ पानांचा आराखडा होता. घरच्या शाळेचं अख्खं वर्ष, विषय ६१, आणि तोही पैसे मोजून एका सल्लागाराकडून करून घेतलेला. त्यात वर्ष सप्टेंबरात सुरू होत होतं. ऑक्टोबरात 'पानगळीचे रंग' आणि डिसेंबरात 'बर्फाचे प्रकार'. आपल्याकडे ऑक्टोबरात भाताच्या लोंब्या भरतात आणि झाडं उघडी पडतात ती शिमग्याच्या आसपास, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "कन्सेप्ट महत्त्वाचा, मॅडम." त्याआधी एका संग्रहालयानं मार्गदर्शक हवा तर शाळेचं पत्र आणि किमान ३० मुलं आणा म्हणून वाटेला लावलं होतं. एका शाळेकडे सुटीच्या दिवशी दोन तास प्रयोगशाळा मागितली, फी देऊन. "दाखला नेलात ना? मग आता आमचा काय संबंध?" असं उत्तर आलं. त्यांची नावं घेत नाही. त्यांनाही कोणी तरी असंच शिकवलं असेल.

तुम्ही आराखडा वाचलात. सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. चष्मा कपाळावर सरकवलात आणि मला काही न बोलता, कोपऱ्यात मांजराशी खेळणाऱ्या माझ्या दहा वर्षांच्या मुलीला हाक मारलीत. खिशातली पेन्सिल तिच्या हातात दिलीत. "पोरी, वर्ष तुझं आहे. खोड यातलं काय नको ते. पेनानं नको, पेन्सिलीनं. पुढल्या वर्षी लागलं तर परत पुसून घेता येईल."

बाकी तुम्ही पुष्कळ शिकवलंत, ते खाली येतंच आहे. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या पेन्सिलीनं. तोवर जितक्या माणसांना भेटलो, ती सगळी तिच्याबद्दल माझ्याशी बोलली होती. तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या ११ पानांबाबत मीही नाही.

मग तुम्ही पाटीवर हिशेब मांडलात. वर्षाचे आठवडे ५२. गणपती, दिवाळी, लग्नं, पाहुणे यांत ६ जाणार. तापखोकल्यात ३. मोठ्या सहली चार, पण एका सहलीला आठवडा नव्हे, तीन आठवडे धरायचे: एक तयारीचा, एक जाण्याचा, एक आल्यावर वहीत उतरवण्याचा. म्हणजे १२. आणि दर तिमाहीत एक आठवडा मुद्दाम कोरा, म्हणजे ४. उरले २७. "विषय ६१ आणि आठवडे २७. कसं बसवणार, ताई?" घरी शिकवणाऱ्यांचं वर्ष दसऱ्याच्या आत का कोसळतं, ते त्या पाटीवर दिसलं. आपण ५२ आठवडे भरायला घेतो, सहलीचे फक्त सहलीपुरतेच दिवस मोजतो, आणि वही उतरवायची राहून जाते. वही राहिली की सहल म्हणजे नुसतं फिरायला जाणं. मुलीनं ३४ ओळी खोडल्या. 'बर्फाचे प्रकार' सगळ्यात आधी गेलं. 'बिबट्या' मात्र तिनं खोडू दिला नाही.

उरलेल्या २७ना तुम्ही एकच दोरी बांधलीत: "एक नदी धरा." कुकडी. हे इतकं साधं होतं की मला आधी पटलंच नाही. सल्लागाराच्या आराखड्यात चार सहली होत्या, चार दिशांना, एकमेकींशी नातं नसलेल्या. तुमच्या चारही सहली एकाच पाण्याच्या काठानं जातात, म्हणून मागच्या सहलीत पाहिलेलं पुढच्या सहलीत कामाला येतं.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांच्यासाठी तुमच्याच क्रमानं लिहिते.

जूनमध्ये सहल नाही. जूनमध्ये पर्जन्यमापक. १० सेंमी व्यासाचं नरसाळं आणि २ लिटरची बाटली. नरसाळ्यात पडलेला १ मिमी पाऊस म्हणजे जवळपास ८ मिली पाणी, ते खोकल्याच्या औषधाच्या मापानं मोजता येतं. अर्ध्या लिटरची बाटली घेऊ नका, साठेक मिमीलाच भरते आणि घाटाकडच्या पावसात रात्रीतून वाहून जाते. नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून फूटभर वर हवं, नाहीतर उडालेलं पाणी आत येतं. भिंतीपासून, झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब. शहरात ते जमत नाही, तेव्हा गच्चीच्या मध्यावर. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं आणि मग आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. यात सरासरी, आलेख, टक्केवारी असं पाचवीचं निम्मं गणित येतं आणि पुस्तक उघडावं लागत नाही. घाटमाथ्यावर हजारो मिलीमीटर पडतो आणि शंभर किलोमीटरच्या आत, शिरूर-पारनेरकडे, पाचशेच्या आसपास. हा फरक मुलांना पाठ करून कळत नाही, स्वतःच्या बाटलीनं कळतो.

पहिली सहल नाणेघाट, पण श्रावणात नाही, दिवाळीनंतर. पावसाळ्यात तिथे गर्दी, धुकं आणि निसरडं, शिकण्यासारखं काही दिसत नाही. वाटेत पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ, म्हणजे नदीच्या उगमापाशीच. वर घाटाच्या तोंडाशी उभं राहून मुलांना एवढंच विचारायचं: इथे पडलेला थेंब कुठल्या समुद्रात जाईल? पश्चिमेला घसरला तर अरबी समुद्रात. पूर्वेला वळला तर कुकडी, घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. तुम्ही सांगितलंत तसं बाटलीतलं पाणी खडकावर ओतून बघायचं. जलविभाजक हा शब्द त्यानंतर सांगायचा, आधी नाही.

तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख म्हणजे गणिताचा तास. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात ब्राह्मीत कोरलेत. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. आधी घरी ब्राह्मी अंकांचा तक्ता हातानं काढून न्यायचा, आणि तिथे फक्त आकडे शोधायचे, अख्खा लेख वाचायला जायचं नाही. अक्षरं पुसट आहेत. समोरून बॅटरी मारली तर काही दिसत नाही. भिंतीला जवळपास समांतर, बाजूनं धरली की खाचांत सावली पडते आणि अक्षर उठतं. खडू, पीठ, पाणी काहीही लावायचं नाही. काही लोक लावतात, त्यांना काय म्हणावं. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. कल्याण-सोपाऱ्याहून चढून आलेला व्यापारी तिथे नाणी टाकत असेल का, किती, कशासाठी, यावर पोरं घरी आल्यावर आठवडाभर भांडतात.

दुसरी सहल लेण्याद्री आणि शिवनेरी, डिसेंबर-जानेवारीत. शिवजयंतीच्या, म्हणजे १९ फेब्रुवारीच्या आगेमागे शिकायच्या हेतूनं जाऊ नये, माणसांशिवाय काही दिसत नाही. पुरातत्त्व खात्याच्या तिकीटघरांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं, बायकांनाही अर्धं. शाळेच्या सहलीची सवलत आपल्याला मिळत नाही, पण आई आणि मूल मिळून एकाच पूर्ण तिकिटात जातात. हा हिशेब तुम्ही मुलीकडूनच करून घेतलात.

तिसरी खोडदची, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला. तिथली महाकाय मीटरतरंग दुर्बीण (जीएमआरटी, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी) त्या सुमारास लोकांना पाहता येते. एरवी आधी परवानगी काढावी लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या भागात एकमेकींजवळ आणि १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन बाहूंवर पसरलेल्या. सगळ्यांनी विचारावं असा प्रश्न: तबकडी जाळीची का, पत्र्याची का नाही? मीटरभर लांबीच्या लहरीला बारीक भोकं दिसतच नाहीत, आणि जाळी हलकी म्हणून वाऱ्याला तोंड देते. स्वयंपाकघरातल्या चाळणीवर एकदा वाटाणे आणि एकदा रवा टाकून हे आदल्या आठवड्यात दाखवायचं. फोन बंद ठेवायचे. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की आपल्या खिशातला फोन त्यांच्यापुढे ढोल-ताशा.

चौथी निघोज, कुकडीचे रांजणखळगे. जायचं ते फक्त उन्हाळ्यात, पात्र उघडं असताना, आणि धरणाचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडतात ते पाणी, सुटलंय का हे गावात विचारूनच. पाणी असेल तर काठावरूनच बघायचं. खळग्याच्या कडा गुळगुळीत आणि घसरड्या, आत पडलेल्या माणसाला धरायला काही नाही. बेसॉल्टच्या खाचेत अडकलेले गोटे भोवऱ्यात फिरफिरून दगड कोरतात, हे घरी कळायचं तर साबणाची वडी घ्या, अंगठ्यानं खळगा करा, त्यात वाटाण्याएवढे तीन खडे आणि चमचाभर पाणी टाकून चमच्याच्या दांड्यानं पाच मिनिटं गरगर फिरवा. नुसती नळाची धार धरून होत नाही, वडी सपाट झिजते. खडे लागतातच.

याच नदीवर बोरी गावाला हजारो मैलांवरून, इंडोनेशियाच्या ज्वालामुखीतून आलेल्या राखेचा थर आहे. तो नेमका किती जुना, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. "हे मुद्दाम सांगा," असं तुम्ही बजावलंत. मोठ्यांनाही ठाऊक नसतं, हे मुलांना एकदा तरी कळावं म्हणून. थरातली चिमूटभरही उचलायची नाही.

सहलीचे तुमचे नियम तीनच. सकाळी एकच ठिकाण, दुपारी जेवण आणि झोप. जागेवर वहीत पाच ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही, चित्र मात्र काढायचंच. आणि पोचल्यावर पहिली दहा मिनिटं आईबापांनी तोंड उघडायचं नाही. शेवटचा सगळ्यात अवघड. नाणेघाटात मी चौथ्या मिनिटाला बोलायला लागले, तेव्हा तुम्ही नुसतं बोट ओठांवर ठेवलंत. आणि हो, उसाच्या पट्ट्यात अंधारात मुलांना एकटं सोडायचं नाही. बिबट्या तिथलाच रहिवासी, पाहुणे आपण.

परीक्षा, मुक्त विद्यालय, दाखले यांचं इथे उगाळत नाही. दहावीच्या मुक्त विद्यालयाला १४ वर्षं पूर्ण लागतात, तोवर शाळेचा दाखला, जन्माचा दाखला आणि सगळ्या वह्या जपून ठेवा, एवढंच तुम्ही म्हणालात, तेवढंच लिहिते.

गुरुजी, या वर्षात आम्हाला कोणी दार उघडलं असेल तर ते फलक नसलेल्या माणसांनी. घाटघरला भाकरी देऊन वर भाताच्या जाती सांगणाऱ्या मावशी. पोरीला पुढच्या सीटवर बसवून धरण येताच "बघ, माणिकडोह" म्हणणारे कंडक्टर. "कुठल्या शाळेची?" असं त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. "काय बघायला आलीस?" एवढंच विचारलं.

मे महिन्याच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस तिनं स्वतःहून वहीत घातलाय. फूटभराची काठी, ओळंब्यानं सरळ केलेली. बाराला का नाही, साडेबाराच्या सुमाराला का, यावर ती दोन दिवस अडली होती. देशाचं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७४च्या अलीकडे, हे शेवटी तिनं नकाशावरून काढलं. मी खरंच काही बोलले नाही.

तो आराखडा फ्रिजवर लावलाय. खोडलेल्या ३४ ओळींपैकी तीन तिनं पुसून परत आणल्यात. पेन्सिल झिजून बोटाएवढी झालीये. २८ फेब्रुवारीला खोडदला येतोच आहोत, तेव्हा ती परत द्यायची म्हणते. तुम्ही घेऊ नका.

आपली,
कुकडीकाठची एक पाहुणी