शाळेतल्या नर्सबाईंची थट्टा नको

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत युद्धानंतरच्या इंग्लंडमधल्या शालेय आरोग्यसेवेवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण शाळेत येणाऱ्या नर्सला 'उवा शोधणारी बाई' म्हणून त्यांनी चार ओळींत हसण्यावारी नेलं, ते मला सहन झालं नाही. माझ्या केसांतून त्या बाईंची फणी फिरलेली आहे.

वडील नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मध्य भागात, मिडलंड्समध्ये होते. १९५८ साली, सात वर्षांची असताना, मी तिथल्या प्राथमिक शाळेत जाऊ लागले. (शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम घेत नाही.) आई रोज खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालून द्यायची. वर्गात नाव पुकारलं तरी मी बघत नसे. वर्गशिक्षिकेने ठरवून टाकलं की हिला इंग्रजी कळत नाही आणि बुद्धीही बेताचीच आहे. मला शेवटच्या बाकावर बसवलं. तिथून तर काहीच ऐकू येईना. अशी दीड वर्षं गेली. दाखल होताना डॉक्टरांनी वजन, उंची, दात, छाती सगळं पाहिलं होतं. कानाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग एका सकाळी नर्सबाई आल्या. जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवलेली पोलादी फणी आणि समोर मुलींची रांग. माझ्या तेलकट केसांवरून मागच्या दोघी खुसुखुसु हसत होत्या. बाईंनी माझ्या मागे उभं राहून वेणी सोडता सोडता काहीतरी विचारलं. मी गप्प. त्या उजव्या कानाशी वाकून बोलल्या, मी उत्तर दिलं. डाव्या कानाशी बोलल्या, पुन्हा गप्प. त्यांनी फणी खाली ठेवली आणि माझं नाव वहीत लिहून घेतलं.

पंधरा दिवसांत शाळांसाठीच्या दवाखान्यात माझ्या कानांना हेडफोन लावून यंत्रावर तपासणी झाली. डाव्या पडद्याला भोक होतं, उजवा कानही थोडा अधू होता. लहानपणापासून कान फुटायचा आणि आई गरम तेल घालायची, तिला बिचारीला काय माहीत! पुढे कित्येक आठवडे रोज तिथे कान कोरडा पुसून औषध घालत. एक पेनी कुणी मागितली नाही. आणि नर्सबाईंनी स्वतः वर्गात येऊन मला पहिल्या बाकावर बसवलं. त्या वर्षी मी वाचायला शिकले.

दुसरं म्हणजे, हे सगळं श्रेय लेखात एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी राष्ट्रीय आरोग्यसेवेला दिलं आहे, ते चूक आहे. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी १९०७ च्या कायद्याने सक्तीची झाली. मोफत उपचारांची जबाबदारी १९४४ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक शिक्षण खात्यांवर टाकली. एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, तरी शाळांचे डॉक्टर आणि नर्स १९७४ पर्यंत त्या खात्यांच्याच अखत्यारीत होते. उलट एनएचएस आल्यावर तिच्याखाली स्वतःचा दवाखाना चालवण्यात जास्त कमाई होते म्हणून अनेक दंतवैद्य शाळांची नोकरी सोडून गेले आणि मुलांचे दात तसेच किडत राहिले. हे लिहायला हवं होतं. आणि 'आपल्याकडे तेव्हा काहीच नव्हतं' हे वाक्य तरी मराठी वृत्तपत्रात यायला नको होतं. सयाजीरावांच्या बडोद्यात १९०९ मध्येच शाळकरी मुलांची तपासणी झाली होती.

शाळेत फुकट मिळणाऱ्या दुधाचंही तेच. लेखात म्हटलंय तसं रोज पाइंटभर दूध कुणालाच मिळत नव्हतं. १९४६ पासून मिळायचं ते पाइंटाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर. थंडीत बाटल्या गोठत, म्हणून त्या रेडिएटरपाशी ठेवत. त्या कोमट दुधाचा वास मला अजून नकोसा वाटतो. आणि ते बंद झाल्याचं सगळं खापर लेखात तेव्हाच्या शिक्षणमंत्री (आणि पुढे पंतप्रधान झालेल्या) मार्गारेट थॅचरबाईंवर फोडलं आहे. १९७१ मध्ये सात वर्षांवरच्या मुलांचं दूध त्यांनी थांबवलं हे खरं, पण माध्यमिक शाळांचं त्याआधीच, १९६८ मध्ये, मजूर पक्षाच्या सरकारने बंद केलं होतं.

मी पुढे पुण्यात तीस वर्षं शिक्षिका होते. दर जूनमध्ये नव्या वर्गातल्या प्रत्येक मुलामागे उभं राहून मी त्याचं नाव हळूच घ्यायची. हे मला बी.एड.मध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

हे लेख पुस्तकरूपाने येणार आहेत असं चौकटीत म्हटलं आहे. त्या चार ओळी पुस्तकातून काढाव्यात, ही लेखकांना कळकळीची विनंती. गेल्या खेपेला आपण माझं पत्र निम्मं कापून छापलंत. या वेळी जागा कमी पडली तर दुधाचा मजकूर कापा, नर्सबाईंचा राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे