ग्रामसभेची वेळ पंचांग बघून ठरवा

मा. संपादक,
स. न.

मी एका गट ग्रामपंचायतीचा निवृत्त शिपाई. खाडीच्या मधोमध असलेल्या जुव्यावर राहतो. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. आमच्या जुव्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पंचायतीत बसणारी माणसं रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत. मला त्यांच्याशी भांडायचं नाही, फक्त ग्रामसभेची वेळ बदलून हवी आहे.

आमच्या ग्रामपंचायतीत चार वाड्या पलीकडच्या आणि एक वाडी अलीकडची, म्हणजे आमची. कचेरी पलीकडे. दाखला, उतारा, घरपट्टी, सगळं पलीकडे. मधे खाडी. धक्क्याला अकरा पायऱ्या आहेत आणि आमचं सगळं वेळापत्रक त्या पायऱ्यांवर चालतं. भरतीचं पाणी वरून चौथ्या पायरीपर्यंत येतं. ओहोटी लागली आणि पाणी नवव्या पायरीला टेकलं की तारी, म्हणजे होडीवाला, हाक मारतो, "येणार ते या, मग मी नाय." अकराव्या पायरीच्या खाली गाळ आहे. एकदा पाणी तिथून सुटलं की होडी धक्क्यापासून बरीच लांब थांबते आणि मधलं अंतर मांडीभर चिखलातून तुडवावं लागतं. चिखलात कालवांच्या शिंपा असतात, त्या तळपाय कापतात. म्हणून सोसायचं झालं तरी चपला हातात घेऊन चालता येत नाही आणि पायात ठेवल्या तर चिखल त्या गिळतो. माझी एक जोडी तिथे आहे, १९९८ पासून.

आता मुद्द्याचं. यंदा १५ ऑगस्टची ग्रामसभा सकाळी अकराला होती. त्या दिवशी श्रावण वद्य सप्तमी. खाडीवरच्या कुणालाही विचारा, तो बोटांवर हिशेब करून सांगेल : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. सातची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला पाणी भरलेलं आणि साडेअकराच्या सुमाराला तळाला गेलेलं. पाव-अर्धा तास इकडेतिकडे धरा, खाडीत आत आलं की थोडा उशीर होतोच. पण अकराच्या सभेला जायचं तर आम्हाला आठच्या आत पलीकडे उतरायला हवं होतं, आणि त्या वेळी जुव्यावरची सगळी माणसं शाळेच्या अंगणात झेंड्याला उभी होती. सभेला आमच्याकडून एकही माणूस गेला नाही. कोरम भरला नाही. सभा तहकूब झाली.

इथवर कुणाचा दोष नाही. पलीकडच्या वाड्यांतूनही फारसं कुणी आलं नव्हतं, खोटं कशाला बोला. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी तेवढे जमवणं कुठल्याच गावात सोपं नसतं. पण तहकूब सभेला कोरमची अट नसते. जे येतील त्यांच्यात सभा होते. ती ठेवली २२ ऑगस्टला, दुपारी चारला. पिठोरी अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आत येऊन गेलेली आणि साडेपाचला खडखडीत ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा आणखी खाली. चारच्या सभेला गेलेला माणूस रात्री आठ-साडेआठच्या आत घरी परतू शकत नाही. श्रावणातल्या पावसात, अमावास्येच्या रात्री. परत एकही माणूस गेला नाही.

त्या सभेत धक्क्याच्या पायऱ्या वाढवण्याचं काम यंदापुरतं मागे टाकलं आणि त्या पैशातून पलीकडच्या मुख्य रस्त्यावर स्वागत कमान उभारायचं ठरलं. सूचक आहे, अनुमोदक आहे, ठराव सर्वानुमते मंजूर. कागद स्वच्छ आहे. मी सत्तावीस वर्षं तसेच कागद इकडून तिकडे नेले, त्यामुळे कागदात खोट नाही हे मला पहिल्या नजरेतच कळलं. खोट घड्याळात आहे.

काही जण म्हणतात, पैसा पाण्याचा होता, तो कमानीला कसा लावला? तसं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले असतात, उरलेले ४० टक्के गावाने गरजेप्रमाणे वापरायचे. कमान त्या चाळिसातली, आणि पायऱ्याही त्या चाळिसातल्याच होत्या. म्हणजे नियमात सगळं बसतं. गावाची गरज कुठली हे ठरवायला माणसं कोण बसली होती, एवढाच प्रश्न.

आणि पायऱ्या आमच्या कुणा पुढाऱ्याच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. यंदा ती १४ ऑगस्टला दुपारी तीनला ठेवली होती. षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पाणी चढत होतं. कुणी मुद्दाम बघून ठेवलं नव्हतं, योग जुळून आला इतकंच. जुव्यावरून एकोणीस बाया गेल्या. दोन होड्या कराव्या लागल्या. माझी बायको पहिल्या होडीत होती, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो. बचत गटाचा हिशेब झाला, अंगणवाडीचं झालं, मग शेजारची एक काकी उठली. तिची सून सातव्या महिन्यात तपासणीला जाताना अकराव्या पायरीवरून घसरली होती. निभावलं, पण काकी उभी राहून बोलली ते असं : "आमाला रस्ता नको, लाइट नको, खालती अजून नऊ पायऱ्या द्या." नऊ कुठून आल्या? तिने सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी काठी घेऊन स्वतः मोजल्या होत्या. एका पायरीची उंची काठीवर खूण करून, चिखलात रोवत रोवत, वाहत्या पाण्यापर्यंत. इंजिनीअर आला असता तर त्यानेही याहून वेगळं काय केलं असतं मला माहीत नाही.

ती मागणी वहीत लिहिली गेली. दुसऱ्या दिवशीची सभा तहकूब झाली आणि बावीस तारखेला त्या वहीचं पान उलटलं गेलं.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याला, पुन्हा सभा. पुन्हा अकराला. दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती, दुपारी दीडला ओहोटी. आम्ही तिघे नऊलाच पलीकडे जाऊन बसलो. बाकीच्यांच्या घरी दसरा होता, आणि नऊला गेलं तर परत यायला चार वाजणार. सभा सुरू झाली साडेबाराला. मी हात वर करून पायऱ्यांचं विचारलं. तो विषय मागच्या सभेत झाला, आजच्या विषयपत्रिकेत नाही, असं उत्तर मिळालं. तेही नियमाने बरोबरच. ज्या खुर्चीशेजारी मी सत्तावीस वर्षं पाण्याचा तांब्या ठेवत आलो, तिच्यासमोर उभं राहून नियम ऐकून घेताना जरा चमत्कारिक वाटलं. मग आम्ही तिघे धक्क्याच्या वडाखाली पाणी चढायची वाट बघत बसलो. एकाने आपट्याची पानं आणली होती, ती वडाखालीच एकमेकांना दिली.

आता माझ्या वाट्याचं सांगतो, कारण ते न सांगता हे पत्र पाठवलं तर ओळखणारे हसतील. मी १९९४ ला शिपाई म्हणून लागलो. आदल्याच वर्षी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती आणि ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली, असं भाऊसाहेब आम्हाला कौतुकाने सांगायचे. (भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण तोंडातून भाऊसाहेबच येतं.) जुव्यावरची माणसं सभेला येत नसत तेव्हाही. मग सभा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, पाणी बघून, मी उपस्थितीचं रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जुव्यावर यायचो आणि घरोघरी सह्या घ्यायचो. माणसं माझ्यावर विश्वास टाकून सही करायची. म्हाताऱ्यांचे अंगठे मी स्वतः धरून उमटवलेले आहेत. कोरम भरायचा. मला वरून कुणी दटावलं नव्हतं, तशी पद्धतच होती, आणि माझ्या मनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण जुव्याची हजेरी लावतो, म्हणजे जुव्याचं भलंच करतो, असं वाटायचं. किती सह्या असतील? मोजायचा प्रयत्न केला नाही. आता बरं इतकंच की ते रजिस्टर फिरणं बंद झालं. कोरम खरोखर भरला नाही तर भरला नाही असंच लिहिलं जातं. पण खरं लिहिल्याने सभा तहकूब होते, आणि तहकुबीचा फटका ज्यांना येता येत नाही त्यांनाच बसतो. खोट्या सह्यांच्या काळात आमचं नाव तरी वहीत असायचं, हा विचार मनात येतो आणि मग त्याची लाज वाटते.

बेटावर राहता तर एवढं सोसायला हवं, असंही ऐकवणारे भेटतात. घारापुरी डोळ्यासमोर आणा. मुंबईच्या गेटवेवरून होडीने तासाभरावर, जगभरची माणसं लेणी बघायला येतात, आणि तिथल्या तिन्ही वस्त्यांत कायमची वीज यायला २०१८ साल उजाडलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा ती आली. केबल टाकायला पैसा लागतो, यंत्रं लागतात, आणि वाट बघावी लागते हे समजू शकतो. सभा अकराऐवजी चारला ठेवायला काय लागतं?

वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. आमच्याकडे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांनाच होतात, पण वेळ आणि जागा पंचायतीच्या हातात असते. निवडणुकीच्या वेळी मतदानाचं पथक आमच्याकडे येतं ते आदल्या दिवशी, तारीला फोन करून, पाणी कधी आहे विचारून. यंत्र भिजू नये म्हणून केवढी काळजी. म्हणजे सरकारी माणसाला भरती-ओहोटी कळत नाही असं नाही. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतं. तेही नको, भिंतीवरचं पंचांग पुरे.

मी पुढच्या दोन सभांचा हिशेब करून ठेवला आहे आणि तो अर्जासोबत कचेरीत दिला आहे, पोच घेऊन. २६ जानेवारी २०२६ ला माघ शुद्ध अष्टमी. आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला तळ, संध्याकाळी सहाला परत भरती. अकराची सभा आम्हाला त्या दिवशी सर्वांत वाईट. तीच दुपारी चारला ठेवली तर आम्ही साडेतीनला निघू आणि सातला भरल्या पाण्यातून घरी येऊ. १ मे ला बुद्ध पौर्णिमा, सव्वाअकराला भरती, साडेपाचला तळ. त्या दिवशी उलट करावं लागेल, सकाळी साडेनऊला सुरू करून दीडपर्यंत संपवायची. वेळेवर सुरू केली तर. पलीकडच्या वाड्यांना यात काही अडचण आहे का, हेही मी विचारून आलो. दोघांनी सांगितलं की चार वाजताची सभा त्यांनाही बरी, जेवून वामकुक्षी करून येता येईल.

आणि चारपैकी एक सभा जुव्यावर घ्या. शाळेची पडवी मोठी आहे, सतरंज्या आहेत, माइक पलीकडून आणावा लागेल. सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेबांनी त्या दिवशी नेहमीच्या वेळेला, अकरालाच यावं. तिथी आम्ही बघणार नाही.

अर्ज देऊन आज अठरा दिवस झाले. कचेरीतल्या नव्या शिपायाने तो आवक वहीत चढवला, हे मी उभं राहून बघितलं. त्याने माझ्यासमोर क्रमांक टाकला आणि तारीख लिहिताना विचारलं, "काका, आज तिथी कुठली?" मस्करीत विचारलं असेल. मी सांगितली.

आपला,
एक निवृत्त शिपाई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)