बालवाडी कोर्सच्या आमच्या मॅडमना मनापासून थँक्यू

मॅडम,

सर्टिफिकेट हातात आलं, मी नोकरीलाही लागले, पण तुमचे आभार नीट मानायचे राहूनच गेले, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणींचा मोबाईल घरची मुलंच जास्त वापरायची, आणि तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात, दीक्षा ॲप (शिक्षणासाठीचं सरकारी ॲप) उघडा! सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पण तुम्ही कुणाचाही फोन घेऊन स्वतः करून दिलं नाही. शेजारी बसून विचारायचात, "काय दिसतंय आता? मग कुठे दाबशील?" वेळ लागायचा, पण जे जमलं ते पक्कं जमलं.

सराव पाठ तर तुम्ही नेट बंद करूनच घ्यायला लावायचात. गाणं आधीच डाउनलोड, स्पीकर चार्ज, फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू, नाहीतर ऐन गोष्टीत कुणाचा तरी कॉल येतो, आणि एवढं करूनही काही बिघडलंच तर चित्रकार्डं पिशवीत तयार. त्यामुळे आता वर्गात लाईट गेली तरी माझी धांदल उडत नाही.

आणि रेकॉर्डिंग! सरावाच्या बालवाडीतली ती चार वर्षांची चिमुरडी, घरी सगळी अहिराणी, वर्गात तोंडच उघडायची नाही. तुम्ही म्हणालात, तिला व्हिडिओ दाखवू नकोस, घरच्यांना विचारून तिच्या आजीची गोष्ट रेकॉर्ड करून आण. आजीचा आवाज लागला तशी ती आधी स्पीकरच्या मागे जाऊन बघून आली आणि मग पुढे काय होणार ते तीच सगळ्यांना सांगायला लागली, अहिराणीतच. 2020 च्या शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेवर एवढा भर का दिलाय ते मला तेव्हा खरं कळलं.

बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, खडे, पानाफुलांतून शिकवलं, मोबाईलही त्याच रांगेतलं एक साधन, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटलंय. पालक विचारतात, "टीचर, कार्टून का नाही लावत?" तेव्हा मी न घाबरता सांगते की 3-4 वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी तर उत्तमच, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच 2019 मध्ये सांगितलंय, आणि तेवढा वेळ तर घरीच होऊन जातो.

नवीन बॅच सुरू झाली की कळवा मॅडम, रेकॉर्डिंगच्या तासाला मी मदतीला नक्की येईन.

तुमची,
धुळे बॅचची एक विद्यार्थिनी