आबा, तुमचं घड्याळ आणि माझं भांडण

ती. आबा, अण्णा आणि आई यांना सा. न.

पत्र लिहिते म्हणून हसू नका. फोनवर धड बोलणं होतच नाही, मळ्यात रेंज जाते, मधेच आई विचारते जेवलीस का, आणि अण्णांचा प्रश्न दर वेळी तसाच लटकून राहतो. बंड्या, ह्याची प्रिंट काढ आणि आबांना मोठ्यानं वाचून दाखव, मधलं गाळू नको, गाळलंस की मला कळतं.

आधी तब्येतीचं. मी बरी आहे, खोकला गेला. आइंडहोव्हनला आता साडेपाचलाच अंधार पडतो आणि पाऊस असा की धड पडतही नाही आणि थांबतही नाही, सायकल चालवताना चष्म्यावर नुसतं पाणी. जेवणाचं म्हणशील आई, तर इथली लोकं दुपारी पावाच्या दोन कापा आणि मधे चीज खाऊन उठतात आणि त्याला जेवण म्हणतात. मी डबा नेते. तू दिलेला बेदाणा संपला, त्यातला अर्धा माझ्या ग्रीक मैत्रिणीनं खाल्ला, त्यांच्याकडं पण बेदाणा होतो पण असला हिरवा तिनं बघितला नव्हता, तासगाव कुठं म्हणून नकाशा उघडून बसली.

आता अण्णांचा प्रश्न. "तू मशीन शिकतेस का मॅनेजरकी?" कारखान्यावर कोणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून तुम्ही विचारता ते मला कळतं, मेकॅनिकल केलेली पोरगी परत दोन वर्षं आणि एवढं कर्ज काढून कॉलेजात बसली म्हटल्यावर लोक विचारणारच. कोर्सचं नाव इनोव्हेशन मॅनेजमेंट. दोन वर्षांचे १२० क्रेडिट, वर्षाचे चार तुकडे, दर दहा आठवड्यांनी परीक्षा, आणि मार्क दहापैकी, त्यात आठ पडले तर पेढे वाटायचे कारण दहा इथं कोणी देतच नाही. पण हे सांगून तुमचं समाधान होणार नाही. तर असं बघा, नवीन वस्तू कशी बनवायची हे मी इंजिनिअरिंगला शिकले. बनवल्यावर पुढं तिचं काय होतं, कोण घेतं, कोण घेत नाही, पैसा कुणाच्या खिशात जातो, हे आता शिकते.

हे गाव त्याला अगदी बरोबर आहे. फिलिप्सचा बल्ब आपल्या गोठ्यात होता ना, पिवळा, तो फिलिप्स इथलाच. १८९१ साली बाप-लेकानं सुरू केलेली पहिली फॅक्टरी अजून उभी आहे, तिथं आता म्युझियम केलंय, मी जाऊन आले. बल्ब काय त्यांनी शोधला नव्हता. पण हॉलंडनं १८६९ लाच पेटंटचा कायदा मोडीत काढला होता, म्हणजे दुसऱ्याचा शोध इथं बनवून विकला तरी कोणी कोर्टात खेचू शकत नव्हतं, आणि ह्यांनी बिनधास्त बनवले आणि बाहेरच्या देशात पण विकले. मग १९१२ ला कायदा परत आला, आणि दोनच वर्षांत १९१४ ला फिलिप्सनं स्वतःची रिसर्च लॅब उघडली! आता नकल करून भागणार नाही म्हटल्यावर डोकं चालवायला लागले. अण्णा, इथं कोणी भारतात कॉपी होते म्हणून नाक मुरडलं की मी गपचूप ही गोष्ट सांगते.

आणि सगळ्यात भारी वस्तू करूनही आपटता येतं. गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणायचा ना तुम्ही, त्या काळात, १९७९ ला, फिलिप्सनं व्हिडिओ २००० नावाचा स्वतःचा व्हीसीआर काढला होता, कॅसेट उलटी करून दुसऱ्या बाजूनं परत बघायची, एका बाजूला चार तास. पण तोवर जपानच्या व्हीएचएसनं दुकानं भरून टाकली होती, ज्याच्या कॅसेटी मिळतात तोच व्हीसीआर लोक घेणार. संपला विषय.

बरं, आता आबांचं. आबा, मागच्या आठवड्यात मी तुमच्यावरनं वर्गात भांडले.

झालं असं की अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा एक अभ्यास शिकवत होते, १९४३ सालचा, रायन आणि ग्रॉस म्हणून दोघे होते त्यांनी केलेला. मक्याचं हायब्रीड बी नवीन निघालं होतं, ते शेतकऱ्यांनी कधी घेतलं आणि का घेतलं हे त्यांनी २५९ शेतकऱ्यांना जाऊन विचारलं. १९२८ ते १९४१ पर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी घेतलं होतं, पण किती वर्षं लावली बघा! नुसतं कानावर आलं आणि दुसऱ्या दिवशी पेरलं असं कोणीच केलं नाही, आधी थोड्याशा तुकड्यात टाकून बघायचं, पुढच्या साली वाढवायचं. बियाण्याचा एजंट येऊन सांगायचा, त्यामुळं माहिती व्हायची. पटायचं मात्र शेजाऱ्याचं रान बघून. मला हसूच आलं, हे सांगायला पुस्तक कशाला पाहिजे, आपल्या पारावर बसलं तरी कळतंय.

त्यावरनं पुढं रॉजर्स नावाच्या माणसानं १९६२ ला पुस्तक लिहिलं आणि माणसांचे पाच भाग पाडले. सगळ्यात आधी उडी मारणारे अडीच टक्के, मग साडेतेरा, मग चौतीस, परत चौतीस, आणि शेवटी राहिलेले सोळा टक्के. ह्या सोळा टक्क्यांना इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ रेंगाळणारे, मागं पडलेले. आणि ग्रुपमधला एक पोरगा हसत म्हणाला, म्हणजे अडाणी.

माझं डोकंच फिरलं. कारण मला एकदम तुम्ही दिसलात आबा. हायब्रीड ज्वारी १९६४ साली आली, सीएसएच-१, आणि तुम्ही ती घेतली १९७२ च्या दुष्काळानंतर, ते पण दोन-तीन साल, हे तुम्हीच सांगितलेलं. आणि का घेतली नाही ते पण सांगितलेलं, "दाणं घरात येतील, खरं बैलं काय खातील?" ताट बुटकं, कडबा कमी, काढणीला पाऊस लागला की कणीस काळं पडायचं, बी दरवर्षी विकत आणायचं, आणि भाकरीला शाळूची सर नाही. ह्यात अडाणीपणा कुठं आहे? सरकार फक्त दाणे मोजत होतं, तुम्ही दाणे आणि वैरण दोन्ही मोजत होता. मी हात वर करून हेच सांगितलं, इंग्रजी अडखळत होतं, कडब्याला काय म्हणायचं ते आठवेना शेवटी फळ्यावर ताट काढून दाखवलं, एक बुटकं एक उंच. वर्ग गप्प. मॅडम म्हणाल्या की रॉजर्सनं स्वतःच ह्या चुकीला नाव दिलंय, नवीन म्हणजे चांगलंच आणि न घेणाऱ्याचंच काहीतरी चुकतं असं धरून चालायचं ती चूक. आणि त्याचा बाप आयोवातलाच शेतकरी, तो पण हायब्रीड मका घ्यायला तयार नव्हता, १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा आणि ह्यांचा वाळला तेव्हा पटलं म्हणे. तुमचं बहात्तर, त्यांचं छत्तीस.

तुमचं घड्याळ मी रोज घालते. एचएमटी जनता, मागची पट्टी बदलली, बाकी तेच. सकाळी उठले की आधी चावी देते, अठरा-वीस वेळा, अंगठ्याला ते खरखर लागतं आणि घट्ट झालं की थांबायचं, जास्त पिळलं तर तुम्ही ओरडायचा तसं कानात येतं. मधे ते बंद पडलं होतं. इथल्या एका दुकानात नेलं तर नुसतं उघडून बघायचे पैसे ऐकून मी परत पिशवीत टाकलं आणि घरी टेबलावर ठेवलं, तिसऱ्या दिवशी आपोआप चालू झालं, कसं ते विचारू नका.

ह्या घड्याळाचा पण आमच्यात धडा आहे, म्हणजे घड्याळं ह्या धंद्याचाच. क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं, चावी न लागणारं मनगटी घड्याळ १९६७ ला स्वित्झर्लंडच्याच लॅबमध्ये बनलं होतं, पण दुकानात पहिलं आणलं जपानच्या सायकोनं, १९६९ च्या नाताळात, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वीस कारखाने धडाधड बंद. आपल्या एचएमटीनं १९६१ ला जपानच्या सिटिझनची मदत घेऊन बंगलोरला सुरुवात केली, एकेकाळी लग्नात जावयाला दुसरं घड्याळच नव्हतं. क्वार्ट्झ त्यांनापण माहीत होतं, बनवलं पण. तरी जोर चावीच्या घड्याळावरच राहिला, आणि १९८४ ला निघालेल्या टायटननं क्वार्ट्झवर सगळा डाव लावला. पुढचं तुम्हाला माहितीय, अण्णांच्या लग्नातलं घड्याळ टायटनच आहे.

तर प्रेझेंटेशनला मी हे घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं ह्या घड्याळाच्या नावाचा तांदूळ आहे. कोणाला पटेना. आपले दादाजी खोब्रागडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ ला स्वतःच्या भातात दोन-चार लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या पिशवीत बाजूला ठेवल्या, पुढच्या साली वेगळ्या लावल्या, असं करत करत बारीक दाण्याचा भात तयार केला. व्यापाऱ्यानं तेव्हाच्या फेमस घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. तो तांदूळ किती राज्यांत गेला आणि दादाजींना काय मिळालं? सत्कार, शाली. २०१८ ला गेले. वर्गात आम्ही शिकतो की शोध लावणाऱ्यापेक्षा ज्याच्याकडं बाजार, नाव, गोदाम आहे तो पैसा नेतो, त्याला इंग्लंडच्या सीटी स्कॅन मशीनचं उदाहरण देतात, ज्यानं शोधलं त्याला नोबेल मिळालं पण त्याची कंपनी त्या धंद्यातनं बाहेर पडली. मी म्हटलं आमच्याकडं ह्याच्यासाठी मशीन लागत नाही, लोंबी पुरते. साडेआठ मिळाले, आई, पेढे वाट.

अण्णा, आता कोणी विचारलं तर हे सांगा, पाहिजे ते निवडून. का पगार किती मिळणार तेवढंच विचारतात? तेही खरंच आहे, मलाही रात्री तोच हिशोब पडतो. जवळच वेल्डहोव्हनला चिप बनवायच्या मशीनची मोठी कंपनी आहे, एएसएमएल, १९८४ ला फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमध्ये निघालेली, वर्गातली अर्धी पोरं तिथं अर्ज टाकून बसलीत, मी पण टाकलाय. हप्ता जानेवारीपासून मी थोडा थोडा पाठवीन, रविवारी कॅन्टीनमध्ये काम मिळालंय.

थिसीससाठी मला ठिबकचा विषय घ्यायचाय, आपल्याच तालुक्यात द्राक्षाला कोणी आधी लावलं, कोण थांबलं, कशासाठी थांबलं. मॅडम हो म्हणाल्यात पण आधी जुन्या माणसांना विचार म्हणाल्या. म्हणून आबा तुमच्याकडं काम आहे, बंड्या लिहून घेईल. पहिलं हायब्रीड किती रानात टाकलं, बी कोणाकडनं आणलं, शेजारी आधी कोणी पेरलेलं, आणि त्या साली बैलांना कडबा कुठून आणला. वर्ष आठवत नसेल तर अण्णा किती लहान होते ते सांगा, मी काढते हिशोब.

छाटणी झाली का सगळी? घडावर पाऊस येतोय का? फोन करायचा तर तुमच्या संध्याकाळी सहानंतर करा, आता साडेचार तासांचा फरक झालाय, त्याआधी मी वर्गात असते. बेदाणा पाठवू नका, कस्टमचं लफडं होतं, कोणी येणार असेल तर त्याच्याकडनं द्या, जरा जास्तच द्या, ग्रीसवाली वाट बघत्येय.

तुमची,
ताई