नडगी दुखते म्हणजे नेमके कुठे दुखते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सगळी वर्तमानपत्रे लेखीचे सराव प्रश्न छापू लागतात. मैदानी चाचणीविषयी मात्र गुणांच्या तक्त्यापलीकडे फारसे काही येत नाही. मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत मारले तर 20 गुण, मुलींनी 800 मीटर 2 मिनिटे 50 सेकंदांत मारले तर 20. एवढे पाठ करून, कालपर्यंत न धावलेली पोरे दुसऱ्या दिवशी पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात आणि महिनाभरात त्यातली काही लंगडत घरी बसतात. कारण विचारले तर उत्तर एकच, ‘शिन पेन’, म्हणजे नडगीचे दुखणे. घोळ या शब्दातच आहे. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव पडले आहे. एकात सराव कमी करून भागते, दुसऱ्यात हाड चिरत चाललेले असते.

फरक ओळखायची सुरुवात अंगठ्याने होते. खुर्चीत बसून पाय सैल सोडावा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्यापासून वर, दाबत दाबत जावे. चार-पाच बोटे किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल, धावायला लागताना ठणकत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या कडेवर आणि तिथे चिकटलेल्या पोटरीच्या स्नायूंवर ताण आला आहे. पण दुखणे रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, तिथे अंगठा टेकताच मुलगा पाय ओढून घेत असेल, धावताना ते वाढत जात असेल आणि रात्री अंथरुणातही सोडत नसेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने हाडाला गेलेली चीर, धरूनच चालावे. ‘त्या पायावर दहा उड्या मारून दाखव’ म्हणणारे मास्तर असतात. चिरलेल्या हाडाची ही परीक्षा ग्राऊंडवर घेऊ नये.

तीन-चार जागा तर अशा आहेत की तिथे थांबून पाहण्यातही धोका आहे: जांघेत खोल दुखणे, नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध दुखणे, तळपायाच्या कमानीच्या वरच्या उंचवट्यावर दुखणे, आणि करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाच्या बुडाशी दुखणे. इथली चीर सहज भरत नाही. जांघेतली तर पुरती सरकून ऑपरेशनवर नेऊ शकते. त्याच दिवशी धावणे बंद, कुबडी घ्यायची आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा.

हे नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात का होते? जुन्या भिंतीला नवा गिलावा करताना आधी पोपडे खरवडावे लागतात. हाडाचेही तसेच. नवा भार आला की शरीर आधी जुने, थकलेले हाड खरवडून काढते. त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. नवे हाड भरून पक्के व्हायला तीन महिने. म्हणजे दम वाढला, पोटऱ्या भरल्या, वेळ सुधारली आणि पोरगा जोशात आला, त्याच सुमारास त्याचे हाड सर्वांत कच्चे असते. साध्या वेगाने 5 किलोमीटर धावताना प्रत्येक पाय दोन हजारांहून अधिक वेळा आपटतो, दर वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार घेऊन. हा आजार नवाही नाही. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांची नोंद 1855 मध्ये केली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 40 वर्षे आधी.

आणि क्ष-किरणांवर तरी किती विसंबायचे! ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ या एका वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे खराब बुटांनी होत नसेल. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. दिसते ती नंतर, हाड भरू लागल्यावर. लवकर खात्री हवी तर एमआरआय. तो परवडत नसेल तर जागा दाबून दुखते तोवर फ्रॅक्चर समजून थांबावे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा. दुखणे मारणारे इंजेक्शन टोचून सराव चालू ठेवणे म्हणजे धोक्याची घंटा कापून टाकणे. हाडावरच्या त्या बिंदूला तेल लावून रगडणेही नको.

नडगीच्या आतल्या कडेच्या साध्या चिरेला सहा ते आठ आठवडे धावणे बंद लागते, पावलाच्या मधल्या लांब हाडांना चार ते सहा. या काळात दम टिकवायला सायकल, आणि पोहता येत असेल तर विहीर. चालताना आणि दाबून दोन्ही वेळा दुखेनासे झाले की एक मिनिट संथ धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, एक दिवस आड. अंतर आधी वाढवायचे, वेग शेवटी. दुखले तर दोन दिवस थांबून एक पायरी खाली.

आपल्याकडची जमीनही यात भर घालते. काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पोरे रस्त्यावर जातात. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच बाजूने धावणाऱ्याचा एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता त्यापेक्षा बरा. काहीच नसेल तर रस्त्याची बाजू बदलत राहावी, तीही वाहने नसतील तिथेच. बूट मधोमध घडी पडत असेल तर तो गेला; घडी चवड्याखाली पडली पाहिजे.

सराव जाहिरातीच्या दिवशी सुरू करून सहा आठवड्यांत उरकायचा नसतो. पहिला महिना एक दिवस आड, चालणे-धावणे मिळून 25-30 मिनिटे, जोराचे राऊंड अजिबात नाहीत. अंतर, वेग, जमीन, बूट यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दर चौथ्या आठवड्याला धावणे एक तृतीयांशाने कमी. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली करणे, 15 चे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, आठवड्यातून तीनदा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा ऑलिंपिक धावपटू अविनाश साबळे लहानपणी शाळेत पळत जायचा ही गोष्ट अकॅडम्यांत हमखास सांगितली जाते. ती मेहनतीची म्हणून सांगतात. त्यात गेलेल्या वर्षांची म्हणून कुणी सांगत नाही.

शाळकरी खेळाडूंचे वेगळे. आठ ते चौदा वयात टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर दुखली, किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखरा झाला, तर ती वाढत्या हाडाची ओढ असते. खो-खोच्या मोसमात, बसता-उठता, ती हमखास वर येते. सामने कमी करावेत आणि टाचेखाली मऊ पॅड घालावा.

मुलींच्या बाबतीत एक प्रश्न प्रशिक्षकाने विचारायलाच हवा, लाज वाटत असेल तर बाईंकडून: पाळी तीन महिने चुकली आहे का? सरावात पाळी थांबली म्हणजे कटकट गेली, असे नाही. खाणे सरावाला पुरत नाही आणि हाड झिजू लागले आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा मुलीला आधी डॉक्टरकडे न्यावे, राऊंड नंतर. पाव लिटर दुधात सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोबत तिळाची चटणी ताटात रोज हवी. पहाटे उपाशीपोटी पळून दहापर्यंत काही न खाण्याची सवय मोडावी.

क्रीडा खात्याकडे एवढेच मागणे: भरतीच्या मोसमात तालुक्याची मैदाने पहाटे साडेचारला उघडावीत, एक दिवा लावावा, आणि धावपट्टीचा मुरूम आठवड्यातून एकदा पाणी मारून सैल करावा.

आपले,
मराठवाड्यातील काही फिजिओथेरपिस्ट